पंचावन्नला थरथरणारी गाडी

“पंचावन्नलाच का थरथरती? पन्नासला का न्हाई? साठला का न्हाई?”

बाबालाल वस्तादांनी तेच तिसऱ्यांदा विचारलं, आणि केतकीच्या कानशिलांना आग लागली.

“गाडी थरथरतच नाही, वस्ताद. सकाळपासून तेच सांगतेय. चालवणाऱ्याचे हात थरथरतात.”

ठाण्!

वस्तादांनी घण ऐरणीवर हाणला. ऐरणीवर काहीच नव्हतं. केतकी अशी दचकली की काखेतली फाइल निसटून तेलकट मातीत पडली.

“का मारलात?”

“बघितलं… कोण थरथरतंय ते.”

जत रस्त्यावर, कवठ्याच्या अलीकडे एक जुनी चिंच आहे. तिच्याखाली बाबालाल शिकलगारांचं गॅरेज. नाव लिहिलेलं नाही, दार नाही, दर ठरलेला नाही. ट्रकचा सगळा भार ज्यांच्यावर झुलतो त्या पोलादी पाट्यांचं काम तिथे होतं. मागच्या अंगाला तुटक्या पाट्यांचा माणूसभर उंच ढीग आहे. चाळीस वर्षांत हाताखालून गेलेला एकही तुटका पाटा वस्तादांनी भंगारात घातलेला नाही. का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. कारण वस्तादांचा राग पंचक्रोशीत ठाऊक होता.

केतकी मगदूमला तो जरा जास्तच ठाऊक होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाआधी एक उन्हाळा तिनं या चिंचेखाली काढला होता. दोन महिने वस्तादांनी तिला एकही बोल्ट कसू दिला नव्हता. नुसते गंजलेले नट सोडायला लावले. हाताची सालटी निघाली. शेवटी एक दिवस पाना फेकून ती म्हणाली होती, “मी शिकायला आलेय. सोडायला काय, कुणीही सोडतं.”

“सोडतं का?” वस्ताद म्हणाले होते.

ती त्याच दिवशी निघून गेली. त्याला चार वर्षं झाली.

आता ती मिरजेजवळच्या एका हॅचरीत गाड्यांची प्रमुख होती. तिथे कोंबडीची अंडी यंत्रात उबवून पिल्लं काढतात. लांबच्या शेडमधून अंडी आणायला मालक राजाभाऊंनी एक सहाचाकी ट्रक घेतला होता. केतकीनं तो स्वतः बदलून घेतला. खडबडीत रस्त्यासाठी चार इंच उचलला, पाटे वाढवले, जोडांना नवे रबरी बुश घातले, मागे थंड पेटी चढवली. छायाचित्र कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा शंभर अंगठे आले होते.

आणि तेव्हापासून अंडी नासू लागली.

फुटत नव्हती. वरून धडधाकट, गुळगुळीत. पण एकवीस दिवस उबवूनही शंभरातल्या चाळिसातून पिल्लू निघत नव्हतं. वाटेत हादरली की असं होतं, हे हॅचरीत झाडूवालीलाही माहीत आहे.

“पंचावन्नला गाडी थरथरती,” ड्रायव्हर अण्णाप्पा म्हणाले.

केतकीनं चाकं बॅलन्स केली. अलाइनमेंट केलं. शॉकअप नवे घातले, बेअरिंग बदलली, स्टिअरिंगचे जोड बदलले. प्रत्येक वेळी स्वतः चालवून पाहिलं. पन्नास, पंचावन्न, साठ, सत्तर. गाडी लोण्यासारखी.

“थरथरती,” अण्णाप्पा म्हणायचे.

चौथ्यांदा त्यांनी तेच म्हटलं तेव्हा तिचं टाळकं फिरलं. आणि नेमका त्याच वेळी अण्णाप्पांच्या हातातला चहाचा कप बशीवर किणकिण वाजत होता.

तिनं अहवाल लिहिला. ‘वाहनात दोष नाही. चालकाच्या हातात कंप.’

सव्वीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला उद्यापासून गेटवर राखणदाराची खुर्ची मिळणार होती. राजाभाऊंनी एकच अट घातली होती. “बाबालाल वस्तादांना गाडी दाखव. त्यांनी अहवालावर सही केली तर मी अण्णाप्पाला स्वतः गेटवर बसवतो.”

म्हणून ती आज आली होती, आणि गाडी चालवत अण्णाप्पाच आले होते. चाळीस किलोमीटरमध्ये दोघांत एक शब्द झाला नव्हता.

आत्ताही अण्णाप्पा चिंचेच्या बुंध्याशी पाठ लावून, दोन्ही हात पँटच्या खिशांत खुपसून उभे होते.

केतकीनं फाइल झटकली. “तुम्ही निदान वाचून तरी बघा. हे सगळे आकडे आहेत. प्रत्येक बोल्ट पुस्तकात दिलाय तेवढाच कसलाय. टॉर्क रेंचनं.”

तिनं लाल पेटी उघडून दाखवली. आत मखमलीत तिचा टॉर्क रेंच झोपला होता. किती जोर लागला ते अचूक सांगणारा पाना.

वस्तादांनी पेटी मिटली. वर आपला चहाचा ग्लास ठेवला.

“कसताना गाडी कुठं हुती?”

“म्हणजे? वर्कशॉपमध्ये.”

“कुठं हुती?”

“सांगितलं ना. वर्कशॉपमध्ये!”

ठाण्!

ती पुन्हा दचकली, आणि दचकल्याचा तिला भयंकर राग आला. “असं करू नका! मी लहान नाही आता. तुम्हाला बघायचं नसेल तर तसं सांगा. मी मालकांना कळवते की वस्तादांनी गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही.”

“कळव.”

“हे काय उत्तर झालं?”

“मग नको कळवूस.”

बुंध्याकडून अण्णाप्पा खेकसले, “वस्ताद, पोरखेळ पुरे झाला. सही करायची तर करून टाका. गेटवर तर गेटवर. माझी काय उपासमार व्हत न्हाई.”

वस्ताद गर्रकन वळले. “तुला कुणी विचारलं रं? सव्वीस वर्सं गाडी हाकलीस, आणि एका कागदानं हात खिशात घातलंस? थू!”

अण्णाप्पांचा जबडा आवळला. हात खिशातून बाहेर आले नाहीत.

चिंचेची पानं तेवढी खाली पडत राहिली.

मग वस्ताद उठले. “घे वर.”

केतकीला बरं वाटलं. आता कुठे कामाचं बोलणं झालं. तिनं जॅक लावला, चेसिसखाली टेकणाच्या लोखंडी घोड्या सरकवल्या आणि गाडी वर घेतली. सगळी चाकं जमिनीपासून वीतभर वर लोंबकळू लागली. वर्कशॉपमध्येही ती अशीच घ्यायची. नीट, सपाट, चहूबाजूंनी हात जाईल अशी.

वस्ताद गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले. पाट्याच्या टोकाला कडी असते. त्या कडीत रबराचा बुश, आणि बुशमधून आरपार बोल्ट. त्यांनी खडू काढला. बोल्टच्या डोक्यापासून रबरावरून थेट कडीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग दुसऱ्या टोकाला. मग पलीकडे. आठ ठिकाणी आठ रेघा.

“उतरव.”

“एवढंच?”

“उतरव.”

तिनं गाडी उतरवली. घोड्या काढताना एक पायावर पडली. ती ओरडली. कुणी आलं नाही.

“आता भर,” वस्ताद म्हणाले, आणि मागच्या ढिगाकडे हनुवटी केली.

“काय भरू?”

“पाटे.”

“ते? सगळे?”

“अंडी किती असत्यात गाडीत?”

“ट्रे-बिरे धरून… अडीच टन.”

“मग अडीच टन.”

केतकीला वाटलं, म्हातारा चार वर्षांपूर्वीचा सूड उगवतोय. तोंडात आलेली शिवी तिनं गिळली. “मी इथे हमाली करायला आलेली नाही.”

“व्हय. सही घ्यायला आलीयस.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “सही हितंच हाय. चार वाजोस्तवर.”

अकरा वाजले होते.

तिनं ओढणी कमरेला खोचली. पहिला पाटा उचलला तेव्हा मनगटातून कळ गेली. गंज, जुनं ग्रीस, धारदार कडा. एक पाटा, दुसरा पाटा. पेटीच्या उंबऱ्यावर चढवायचा, आत सरकवायचा, उडी मारून परत यायचं. लोखंडावर लोखंड आदळलं की दर वेळी तिचे खांदे आक्रसायचे. दर वेळी वाटायचं, आता ओरडावं, फाइल घ्यावी आणि मिळेल त्या बसनं निघून जावं.

विसाव्या पाट्याला अण्णाप्पा बुंध्यापासून हलले. पाट्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं.

“मला मदत नको,” ती म्हणाली.

“मदत कोण करतंय? तुमचा पाय तुटला तर त्याचाबी अहवाल माझ्याच नावानं लिवशिला.”

दोघं मुकाट्यानं भरत राहिली. त्यांचे हात पाट्याखाली थरथरत होते, हे तिनं पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हणाली, बघा… मी खोटं लिहिलेलं नाही.

दोन वाजता गाडी भरली. मागची बाजू खाली बसली होती, पण नीट नाही. अवघडून बसलेल्या माणसासारखी, एक ढुंगण उचलून.

“चालव,” वस्ताद म्हणाले.

अण्णाप्पा केबिनकडे निघाले.

“तू न्हाई. ती.”

“मी?”

“किती येळा चालवलीस ही गाडी?”

“बारा-तेरा वेळा. प्रत्येक दुरुस्तीनंतर.”

“भरलेली?”

“अंडी भरून चाचणी कशी घेणार, वस्ताद? माल खराब झाला असता.”

वस्ताद तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. पण घण उचलला नाही.

“जा.”

रस्ता सरळ होता. दोन्ही अंगांना बाभळी आणि द्राक्षांच्या बागा. शेजारी अण्णाप्पा बसले होते, खिडकीबाहेर तोंड करून. केतकीनं गिअर बदलले. तीस. चाळीस. गाडी जड, पण शांत. पन्नास. तिनं अण्णाप्पांकडे एक विजयी नजर टाकली.

पंचावन्न.

आधी तळव्यांना मुंग्या आल्या. मग स्टिअरिंग जिवंत झालं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे… कुणीतरी समोरून चाक धरून गदागदा हलवत असल्यासारखं. मागे अडीच टन लोखंड एका सुरात किंचाळायला लागलं. तिचे दात वाजले. आरसा हलून त्यातला रस्ता दिसेनासा झाला.

“काका!”

“ब्रेक न्हाई! पाय काढा. नुसता पाय काढा. धरू नका घट्ट… चाक घट्ट धरू नका म्हंतो ना!”

अण्णाप्पांनी हात पुढे केला आणि दोन बोटं चाकावर ठेवली. फक्त दोन. बावन्न. अठ्ठेचाळीस. गाडी हळूहळू मुकी झाली.

तिनं ती बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

“हे… दर फेरीला?”

“दर फेरीला.”

“मग तुम्ही पंचावन्नच्या खाली का नाही चालवत?”

अण्णाप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “तुम्हीच लिवून दिलंय न्हवं. सत्तर किलोमीटर, सव्वा तासात. न्हाईतर पेटीतला गारवा उतरतोय.”

ते खरं होतं. केबिनमध्ये तिच्याच सहीचा कागद चिकटवलेला होता.

परत येताना अण्णाप्पांनी चालवलं. पंचेचाळीसनं.

चिंचेखाली उतरल्यावर तिनं पाणी मागितलं. वस्तादांनी तांब्या दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, तरी पाणी काठावरून हिंदकळून तिच्या ओढणीवर सांडलं. तिनं तांब्या घट्ट धरायला पाहिलं. आणखी सांडलं.

वस्तादांनी बाजूला पडलेली फाइल उचलली. चष्मा नाकावर आणला. पहिल्यांदाच वाचली. एक एक अक्षर, मोठ्यानं.

“चा-ल-का-च्या… हातात… कंप.”

मग चष्म्यावरून तिच्या हातांकडे पाहिलं.

“बरुबर लिवलंयस.”

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हे, रागच होता तो, पण कुणाचा ते तिला कळेना. ती ताडकन गाडीखाली गेली. मोबाइलचा उजेड पाट्याच्या कडीवर मारला.

खडूची रेघ मोडली होती.

बोल्टवरचा तुकडा होता तिथेच होता. कडीवरचा तुकडा बोटभर फिरून भलतीकडे गेला होता. मधल्या रबरावर रेघ पिळलेल्या सुतासारखी तिरपी ताणली होती. दुसऱ्या कडीतही तेच. आठही ठिकाणी तेच. आणि पुढच्या डाव्या चाकाशी तर रबर इतकं पिळलेलं की त्याच्या अंगावर भेगा पडल्या होत्या.

ती तशीच उताणी पडून राहिली.

चाकं हवेत लोंबकळत असताना तिनं बोल्ट कसले होते. पुस्तकात दिलेल्या आकड्याला, तंतोतंत. रबर त्या लोंबकळत्या जागी चिमटीत पकडलं गेलं होतं. गाडी जमिनीवर आली, वर अडीच टन आले, पाटे खाली झुकायला गेले, आणि रबर त्यांना झुकू देईना. पिळून पिळून ताठ झालेलं. खड्डा आला की झेलायला कुणी नव्हतंच. आणि पंचावन्नला चाकांचा ठेका त्या ताठलेल्या पाट्यांच्या ठेक्याशी जुळला की थरथर वाढतच जायची. सगळं थेट वर, अंड्यांत, स्टिअरिंगमध्ये, अण्णाप्पांच्या मनगटांत…

रिकाम्या गाडीत ते कधीच दिसलं नसतं.

ती बाहेर आली. केसांत माती, गालाला ग्रीस.

“तुम्हाला सकाळीच कळलं होतं,” ती म्हणाली. आवाज चिरकला. “कसताना गाडी कुठं होती, असं विचारलंत तेव्हाच. मग सांगितलं का नाही? तीन तास लोखंड उचललं मी! एका वाक्यात सांगता आलं असतं!”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“दुरुस्त केलं असतं.”

“कागदावर.”

वस्तादांनी तिच्यापुढे पाना टाकला. टॉर्क रेंच नव्हे. चार वर्षांपूर्वीचा तोच जुना, चपटा झालेला पाना.

“सोड.”

“भरलेल्या गाडीचे?”

“सोड.”

ती पुन्हा खाली सरपटली. डोक्यावर अडीच टन लोखंड. पहिला नट हलेना. तिनं दोन्ही पाय चाकाला लावून जोर केला. नट करकरला, आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला.

ती किंचाळून बाहेर आली.

“काही न्हाई,” अण्णाप्पा म्हणाले. “मोकळं झालं.”

पिळलेलं रबर सुटलं होतं. ती परत गेली. दुसरा. तिसरा. दर वेळी तो बार, दर वेळी तिच्या पाठीतून शिरशिरी, आणि दर वेळी वरून गाडीचा एक दीर्घ, खोल आवाज. आठवा नट सुटला तेव्हा गाडी दोन बोटं खाली आली आणि दोन्ही बाजूंनी सारखी बसली. मांडी घालून.

फाटलेला बुश तिनं बदलला. त्या एका कोपऱ्याला गाडी उचलायची वेळ आली तेव्हा तिनं वस्तादांकडे पाहिलं.

“घालताना उचल,” ते म्हणाले. “कसताना चाकं टेकव. भार अंगावर येऊ दे. मग कस.”

तिनं चाक टेकवलं. मग आठही बोल्ट कसले. या वेळी वस्तादांनीच लाल पेटीवरचा ग्लास उचलून पेटी तिच्याकडे सरकवली. रेंच आठ वेळा टकटकला. तिनं नव्या रेघा ओढल्या.

पुन्हा रस्ता. या वेळी अण्णाप्पांनी चालवली. पन्नास. पंचावन्न. केतकीनं डोळे मिटून घेतले होते. साठ.

“उघडा की डोळं,” अण्णाप्पा म्हणाले.

स्टिअरिंगवर त्यांची दोनच बोटं होती.

परत आल्यावर तिनं गाडीखाली वाकून पाहिलं. रेघा सरळ होत्या. सगळ्या.

चार वाजायला आले होते. फोनला चिंचेखाली रेंज नव्हती. पेटीच्या दारात चढून उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. फाइल घेऊन ती वर चढली, पाट्यांच्या राशीला टेकून. नंबर लावताना बोट दोनदा चुकलं.

“राजाभाऊ… केतकी. नाही, सही नाही. दोष गाडीत होता. नाही… गाडीत नाही. दोष माझा होता. बोल्ट चुकीच्या पद्धतीनं मी कसले. हो, मीच. अण्णाप्पा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते. अहवाल चुकीचा आहे. हो… समजलं. उद्या तुमच्यासमोर येते. पण अण्णाप्पा गेटवर बसणार नाहीत. ते आधी नक्की करा, मग माझं काय करायचं ते बघा.”

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तिनं तो कानापासून जरा लांब धरून ऐकून घेतला. मग फोन बंद केला. तिला वाटलं, आता छातीवरचं ओझं उतरेल.

खाली अण्णाप्पा चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ग्लास त्यांच्या हातात अजून थरथरत होता.

“काका… गाडी तर नीट झाली. मालकांनाही सांगितलं. मग अजून का…”

अण्णाप्पांनी ग्लास दगडावर आपटला. चहा चहूकडे उडाला.

“मालकाला सांगितलं! मालकाचं काय जात हुतं? महिनाभर त्यो कागद ऑफिसात फिरला. माझा जावई तिथंच अंडी निवडायला हाय. त्यानं घरात सांगितलं. बायकूनं मला सांगलीला दोन डाक्टरांकडं नेलं. डोस्क्याचा फोटो काढला माझ्या. आणि माझी नात…” त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले. “सात म्हयन्याची हाय. महिना झाला, माझ्या हातात देत न्हाईत तिला. पडंल म्हंत्यात. मी हात पुढं करतो, आणि लेक तिला उचलून आत नेती… मलाबी वाटाय लागलं, पडंल. खरंच पडंल माझ्या हातनं!”

वस्ताद कानशीनं एका पाट्याची कड घासत होते. तेवढाच आवाज.

केतकी पेटीच्या दारात, चार फूट उंचावर, तुटक्या पाट्यांच्या मधोमध उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ती फाइल. खाली अण्णाप्पांचं टक्कल, आणि त्यावरचा घाम.

“काका,” ती वरूनच म्हणाली, “माझं…”

“ए पोरी.”

वस्तादांनी मान वर केली नव्हती. कानस थांबली होती फक्त.

“आधी खाली टेक.”